ब्लूबेरीची झुडपं पिवळी पडून खंगत चाललीत, आधी नक्की काय तपासू?

रानजाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते पण आता विचारल्याशिवाय राहवत नाहीये. घरच्या बागेत ब्लूबेरीची चार झुडपं आहेत, तीन जमिनीत आणि एक मोठ्या कुंडीत, आणि चारही वेगवेगळ्या तऱ्हेने आजारी दिसतायत.

भिंतीलगत जे आहे त्याची नवी पानं पार पिवळी, फक्त शिरा हिरव्या. मधल्याचं तसंच पण थोडं सौम्य, मात्र वाढ जवळपास थांबलीय. तिसरं बागेच्या उतारावर अगदी खालच्या टोकाला आहे, त्याची पानं बारीक आणि लालसर, खूप गळतायत, आणि भर पाण्यात सुद्धा मान टाकून उभं असतं. कुंडीतल्याच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्यात पण फुलं मात्र भरभरून आलीयत.

पाणी नळाचं, रोज थोडं थोडं. खत म्हणजे बाकीच्या झाडांना जातं तेच मिश्र खत आणि कंपोस्ट. घरातले म्हणतात उपाशी आहेत, अजून खत घाल. घालू का?

खुरपं
नको. काहीच घालू नका. आधी फोटो आणि मातीचा पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे ते.

अंजनवेल
रानजाई, घाबरू नकोस गं, ब्लूबेरी दिसते नाजूक पण चिवट असते. मी कॉफीचा चोथा घालते बुंध्याशी, ॲसिडिक असतो, झाड खूष. करून बघ.

गंधकराव
कॉफीवर नंतर भांडू, तो या विषयातला कायमचा पाहुणा आहे, कुणी ना कुणी घेऊन येतंच :)

रानजाई, तुम्ही एक काम फार चांगलं केलंत, चारही झुडपांचं वेगवेगळं लिहिलंत. बहुतेक लोक "ब्लूबेरी पिवळी पडली" एवढंच लिहितात आणि मग पन्नास जण पन्नास औषधं सांगतात. माझा अंदाज असा आहे की तुमच्याकडे किमान तीन वेगळे आजार आहेत, त्यामुळे चौघांना एकच उपाय केलात तर एखादं सुधारेल आणि एखादं मरेल.

पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे. लोह झाडाच्या आत इकडून तिकडे फारसं हलत नाही, म्हणून लोह मिळेनासं झालं की शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्राचं उलटं, झाड जुन्या पानांतून नत्र काढून नव्या पानांना देतं, त्यामुळे खालची जुनी पानं अख्खीच्या अख्खी फिकट होतात, कधी लालसर. मॅग्नेशियम कमी पडलं तरी जुनी पानंच धरतं, पण तिथे कडेचा भाग पिवळा किंवा लाल होतो आणि मधल्या शिरेभोवती हिरवा पट्टा उरतो. आणि कडा करपल्या, वाळल्या असतील तर खतांपेक्षा क्षार किंवा तहान यांच्याकडे आधी बघा.

तर तुमची भिंतीलगतची आणि मधली, दोघींना केवडा पडलाय, म्हणजे लोहाची अडचण. पण याचा अर्थ जमिनीत लोह नाही असा अजिबात नाही. साध्या मातीत लोह भरपूर असतं, पीएच वर गेला की ते विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही, एवढंच. ब्लूबेरीला पीएच ४.५ ते ५.५ च्या मधे लागतो आणि त्यातही ५ च्या खाली ती जास्त रमते. ६ च्या वर गेलात की कुरकुर सुरू.

जुनं_खोड
अवांतर आहे पण सांगतोच. साधारण शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत ब्लूबेरी बागेत लावता येत नाही अशीच समजूत होती, लोक जंगलातून झुडपं उपटून आणायचे, छान खत मुरवलेल्या जमिनीत लावायचे आणि ती मरायची. अमेरिकेच्या कृषी खात्यातले फ्रेडरिक कोव्हिल यांनी यावर रीतसर प्रयोग केले आणि १९१० साली छापलं की हिला आम्लधर्मी माती लागते, चुना घातलेली सुपीक जमीन हिच्या जिवावर उठते. मग न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांच्याशी हातमिळवणी केली, रानातली मोठ्या फळांची झुडपं शोधून आणवली आणि १९१६ मधे लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. सफरचंद द्राक्षं हजारो वर्षांची आणि ही ब्लूबेरीबाई कालपरवाची. म्हणून आपल्या सगळ्या सवयी, कंपोस्ट घाला, राख घाला, चुना घाला, हिच्या बाबतीत उलट्या पडतात.

खुरपं
राख तर चुकूनही नको. +१ वरच्याला.

रानजाई
बापरे, एवढं सगळं! पीएच कसा मोजू? ते मातीत खुपसायचं दोन काट्यांचं मीटर आहे घरात, ते सगळीकडे ७ च दाखवतंय.

टायट्रेशन
ते मीटर ड्रॉवरमधे ठेवून द्या. कोरड्या मातीत एक आकडा, ओल्या मातीत दुसरा.

असं करा. प्रत्येक झुडपाच्या मुळांच्या पट्ट्यातली, म्हणजे वरचा मल्च (पालापाचोळ्याचं आच्छादन) बाजूला सारून वरच्या १५-२० सेंमीमधली माती दोनतीन ठिकाणांहून घ्या. चौघांची वेगळी ठेवा. एक भाग माती आणि एक भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळा, अर्धा तास ठेवा, परत ढवळा, वरच्या निवळीत चांगली पट्टी नाहीतर कॅलिब्रेट केलेला पेन मीटर. नळाचं पाणी वापरलंत तर तुम्ही नळच मोजताय. नक्की आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत द्या, पण तिथे विचारा की पीएच नुसत्या पाण्यात मोजलाय की कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणात, कारण दुसऱ्या पद्धतीत आकडा साधारण अर्ध्याने कमी येतो आणि लोक उगाच खूष होतात.

शिवाय भिंतीलगतच्या कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर मातीत चुना आहे. प्लास्टर, सिमेंट, बांधकामाचा राडारोडा बहुतेक वेळा भिंतीच्या कडेलाच पुरलेला असतो.

आणि पाणी मोजा. पाण्याचा पीएच नव्हे, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. मासे पाळणाऱ्यांकडे केएच नावाचं थेंब टाकून मोजायचं किट मिळतं, ते चालतं. पाण्याचा पीएच ७.८ असला तरी अल्कलिनिटी कमी असेल तर त्रास नाही, उलट पीएच ७.२ आणि अल्कलिनिटी भरपूर असेल तर तुम्ही रोज झारीतून पातळ चुनाच घालताय.

अंजनवेल
म्हणजे माझी कॉफी?

टायट्रेशन
कॉफीतलं आम्ल बरंचसं कपात गेलेलं असतं. उरलेला चोथा साधारण न्यूट्रलच्या जवळ येतो, ६.५ च्या आसपास. थोडा घातलात तर सेंद्रिय पदार्थ म्हणून ठीक, पण पीएच खाली आणायला त्याचा उपयोग नाही. जाड थर दिलात तर वर पापडी धरते आणि पाणी आत जात नाही.

अंजनवेल
पण माझी झुडपं तर मस्त आहेत की! मी काय पुरावा देऊ, फळं देऊ का?

गंधकराव
तुमची माती मुळातच आम्लधर्मी असणार ताई, कॉफी आयतं श्रेय घेतेय. पाईनच्या सुयांचं पण तसंच, मल्च म्हणून उत्तम, पण त्यांनी माती ॲसिडिक होते हे फारसं खरं नाही. मल्च मात्र हवाच, ७ ते १० सेंमी, कारण ब्लूबेरीच्या मुळांना मूलरोम नसतात, इतर झाडांना जे बारीक केस असतात ते हिला नाहीतच. केसाइतकी बारीक मुळं वरच्या वीतभर मातीत पसरलेली, ती एका दुपारच्या उन्हात वाळतात. लाकडाचा ताजा भुसा वापरणार असाल तर तो कुजताना नत्र ओढून घेतो हे लक्षात ठेवा. आणि झुडपाभोवती खुरपणी करू नका, खुरपं या आयडीची क्षमा मागून.

खुरपं
मान्य आहे. हाताने तण उपटा.

कुंडीकर
कुंडीतल्याबद्दल मी बोलतो कारण मी फक्त कुंडीतच लावतो.

रानजाई, कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर लगेच हलकी लागते का? आणि पाणी घातल्या घातल्या खालून सरकन बाहेर येतं का? तसं असेल तर आतला रूटबॉल, म्हणजे मुळांचा गोळा, कोरडाठाक आहे. नर्सरीतून येतं ते झाड बहुतेक पीटमधे (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळात) वाढवलेलं असतं आणि पीट एकदा पूर्ण वाळला की सुकून कडक झालेल्या स्पंजसारखा वागतो, पाणी बाजूबाजूने निघून जातं, आपल्याला वाटतं रोज पाणी घालतोय आणि झाड आत तहानेने मरतंय. कुंडी सरळ टबात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा.

कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसते का तेही सांगा. ते क्षार असतात, खताचे आणि पाण्यातल्या चुन्याचे. कडा करपतात त्या यानेच. पावसाचं पाणी असेल तर कुंडीच्या मापाच्या दुप्पट तिप्पट पाणी हळूहळू आरपार जाऊ द्या, क्षार धुवून जातील. तुमच्या मिश्र खताच्या पिशवीवर वाचा, पोटॅश कशातून दिलंय, म्युरिएट ऑफ पोटॅश असेल तर त्यात क्लोराईड असतं आणि ते ब्लूबेरीला सोसत नाही. सल्फेट ऑफ पोटॅश चालतं.

आणि फुलं बघून खूष होऊ नका. मरायला टेकलेलं झाड पण फुलतं. फुलं आहेत पण पालवी फुटतच नाहीये असं असेल तर अजून एक कारण असू शकतं, जातीला हवी तेवढी थंडी मिळाली नाही. नॉर्दर्न हायबुश जातींना ७ अंशांच्या खालचे ८०० हून जास्त तास लागतात, सदर्न हायबुशला त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत भागतं. जात कुठली ते माहीत असेल तर सांगा.

रानजाई
सगळं तपासून आले, बसा निवांत.

भिंतीलगतचं: पीएच ७.१, व्हिनेगर टाकल्यावर चांगलं फसफसलं.
मधलं: ६.४, फसफस नाही.
उतारावरचं: ५.६.
कुंडी: ६.८. काठावर पांढरी पापडी आहे. आणि कुंडीकर, तुम्ही म्हणालात तस्सं, आतला गोळा पूर्ण कोरडा होता, टबात ठेवल्यावर कितीतरी वेळ बुडबुडे येत होते! खतात म्युरिएटच आहे. जात सदर्न हायबुश आहे, चिठ्ठी सापडली.
नळाचं पाणी: केएच ९.

मला कळेना झालंय ते उतारावरचं, त्याचा पीएच तर सगळ्यात बरा आणि अवस्था सगळ्यात वाईट.

टायट्रेशन
केएच ९ म्हणजे एका डिग्रीला १७.९ धरून जवळपास १६० मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. १०० च्या वर ब्लूबेरीला जड जायला लागतं. कुंडीचा पीएच ६.८ पर्यंत कसा चढला त्याचं उत्तर मिळालं, पीटमधे लावलेलं झाड सुरुवातीला पाचाच्या खाली असणार.

गंधकराव
उतारावरच्याचं आता पाण्याकडे आणि मुळांकडे बघायचं. पीएच बरा, पाणी भरपूर, तरी मान टाकलेली, पानं बारीक आणि लालसर, म्हणजे मुळं पाणी ओढूच शकत नाहीयेत. अशा वेळी पाणी अजून घालणं हा सगळ्यात घातक उपाय आणि सगळे तोच करतात. कडेने हळूच माती सारून दोनचार मुळं बघा. निरोगी मुळं फिकट, टोकं पांढरी. सडलेली काळपट तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून... नको, उपमा जाऊ दे, साल निघून येतं आणि आत नुसता दोरा राहतो. तसं दिसलं तर फायटोप्थोरा, म्हणजे मूळकुज. पाणी साचतं तिथे हा होतोच, त्याचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात.

त्याच वेळी हुमणी पण बघून घ्या, मुळं कुरतडलेली असतील तर झाड वरून असंच दिसतं. आणि कुठल्या फांद्या जिवंत आहेत ते नखाने साल किंचित खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर जीव आहे.

एक प्रयोग: तिथेच जवळ फूटभर खड्डा करून पाण्याने भरा, जिरला की परत भरा, आणि दुसऱ्यांदा किती वेळ घेतो ते बघा. दुसऱ्या दिवशी पण पाणी तसंच असेल तर ती जागा ब्लूबेरीची नव्हेच. चिकणमातीत खड्डा करून त्यात मस्त पीट भरलं की सगळं पाणी त्याच खड्ड्यात येऊन बसतं.

भर_दुपारी
मधेच घुसतोय, माफ करा. माझ्या झुडपाची एकच फांदी अचानक वाळली, पानं तपकिरी होऊन तशीच चिकटून राहिलीत, गळत नाहीयेत, बाकी झाड हिरवंगार. हे पण फायटोप्थोरा का?

गंधकराव
नाही वाटत. मुळं गेली की अख्खं झाड बोलतं. एकच फांदी आणि पानं चिकटलेली म्हणजे बहुतेक स्टेम ब्लाईट, बुरशी फांदीच्या आत शिरते. फांदी आडवी कापून बघा, आत एका बाजूला तपकिरी भाग दिसेल. तो दिसायचा थांबेपर्यंत खाली खाली कापत जा आणि स्वच्छ पांढरट लाकूड लागल्यावर अजून वीतभर खाली. गरज पडली तर जमिनीलगत. प्रत्येक कापाआधी कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसायची, नाहीतर तुम्हीच आजार फिरवाल. कापलेली फांदी बागेत टाकू नका. फवारणीच्या नादी लागू नका, आत गेलेल्या बुरशीला ती पोचत नाही.

भर_दुपारी
कापलं, अगदी तसंच निघालं, अर्धा भाग तपकिरी. जमिनीपर्यंत जावं लागलं. धन्यवाद गंधकराव. आणि दुसऱ्या झुडपाची पानं थंडीत लाल झालीत ते?

खुरपं
ते नॉर्मल आहे. थंडी पडली की रंगतातच. सोडा.

रानजाई
उतारावरच्याची मुळं बघितली. काळी. साल निघून येतंय आणि वास पण येतोय. एका बाजूला थोडी पांढरी आहेत. खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी पण अर्धं शिल्लक होतं. हुमणी नाही. वाचेल का?

कुंडीकर
पांढरी मुळं आहेत म्हणजे प्रयत्न करायला हरकत नाही, पण ९० टक्के हातचं गेलं समजून करा. उपटून काळी मुळं कापा, नवीन मिश्रणात कुंडीत लावा, वरून निम्म्याहून जास्त छाटा, आणि बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. त्याची जुनी माती बागेत दुसरीकडे नेऊ नका, फावडं धुवा.

गंधकराव
मी असतो तर काढून टाकलं असतं. यावर औषधं मिळतात पण ती निरोगी मुळांचा बचाव करतात, सडलेलं परत आणत नाहीत. अर्थात झाड तुमचं.

आता बाकीच्यांचं.

भिंतीलगतचं तिथून हलवा. तिथे गंधक घालून उपयोग नाही, हिशोब बघा: एक चौरस मीटर जागा, वीस सेंमी खोल, माती साधारण २५० किलो. त्यात नुसता १ टक्का चुना धरला तरी अडीच किलो झाला. एक किलो गंधक तीन किलो चुना मारतं, म्हणजे ८०० ग्रॅम गंधक फक्त चुना संपवण्यात जाणार आणि पीएच तोवर जागचा हलणार नाही. शिवाय भिंत दर पावसात नवीन चुना देतच राहणार. झाड पानगळीनंतर सुप्तावस्थेत असताना काढा, मुळं उथळ असल्याने गोळा सहज येतो, वरून एक तृतीयांश छाटा आणि २५-३० सेंमी उंच गादीवाफ्यात लावा. तोवर चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं) द्या, पण पिशवीवर इडीडीएचए लिहिलेलं, इडीटीए वालं ७ च्या पीएचला टिकत नाही. पाणी लालसर दिसेल, घाबरू नका.

मधलं गंधकाने सुधारेल. ६.५ वरून ४.५ ला यायला वाळूसर मातीत चौरस मीटरला साधारण ८० ग्रॅम आणि पोयट्याच्या मातीत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास लागतं. पण हे लागवडीआधीचे आकडे. उभ्या झाडाभोवती एका वेळी ५० ग्रॅमच्या वर जाऊ नका, काही महिन्यांनी मोजा, मग पुढचा हप्ता. गंधक स्वतः आम्ल नाही, मातीतले जंतू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि त्यांना ऊब आणि ओल लागते. थंड जमिनीत ते झोपलेले असतात.

भर_दुपारी
ॲल्युमिनियम सल्फेटने पटकन होतं म्हणे?

टायट्रेशन
पटकन होतं. पण सहापट जास्त लागतं आणि ॲल्युमिनियम साठून मुळांना विषारी होतं. ब्लूबेरीला देऊ नये.

भर_दुपारी
आणि पाण्यात बॅटरीचं ॲसिड?

टायट्रेशन
अजिबात नाही. वापरलेल्या बॅटरीत शिसं असतं आणि तुम्ही ती फळं खाणार आहात.

रानजाई, पाण्यासाठी. सगळ्यात उत्तम पावसाचं साठवलेलं. ते नसेल तेव्हा १० लिटरला २ ग्रॅम सायट्रिक ॲसिडपासून सुरू करा, ढवळा, पट्टीने ५.५ च्या आसपास आणा. नुसतं अंदाजाने ओतू नका. व्हिनेगरने पण होतं, तुमच्या पाण्याला १० लिटरमागे ३०-४० मिली लागेल. पण हे दोन्ही तात्पुरते आहेत, मातीतले जंतू हे सेंद्रिय आम्ल खाऊन टाकतात आणि बराचसा बायकार्बोनेट परत तयार होतो. म्हणून मूळ काम गंधकाचं आणि पावसाच्या पाण्याचं.

अंजनवेल
आणि खत कधी द्यायचं? ती बिचारी उपाशीच ठेवायची का सगळी?

गंधकराव
नवी पालवी हिरवी यायला लागल्यावर. आजारी मुळांना खत म्हणजे क्षारांचा मारा. दिलं की अमोनियम सल्फेट, लहान झुडपाला ३० ग्रॅमच्या आत, बुंध्यापासून वीतभर लांब गोल पसरून, वर पाणी. ब्लूबेरीला नायट्रेट नीट पचत नाही, अमोनियम पचतं, त्यामुळे कॅल्शियम नायट्रेट वगैरे लांब ठेवा. पीएच ५ च्या खाली आला की युरियावर जा, नाहीतर अमोनियम सल्फेट अजून खाली खेचत राहील.

आणि रानजाई, कुंडीतल्याची सगळी फुलं काढा. सगळी.

अंजनवेल
अहो सगळी कशाला, दोन घोस तरी ठेवू देत की तिला!

गंधकराव
दोन घोसांनी काय होणार तेही खरंच. पण लोक दोन म्हणून वीस ठेवतात.

रानजाई
धागा वर काढतेय, मधे बराच काळ गेला. सुप्तावस्थेत भिंतीलगतचं हलवलं, पाईनची साल, पीट आणि थोडी माती असा गादीवाफा केला. आता नवी पालवी आलीय आणि ती हिरवी आहे! जुनी पानं मात्र पिवळीच राहिली होती गळेपर्यंत, म्हणून मधे वाटलं लोहाचा उपयोगच झाला नाही.

कुंडीतल्याचं मिश्रण बदललं, मुळं गोल गोल फिरलेली होती ती सोडवली, बुंध्यातून एक जाडजूड नवा कोंब आलाय. फुलं काढली (दोन घोस सोडून, अंजनवेल, तुझ्यासाठी). मधलं ६.४ वरून ६.१ वर आलंय फक्त, वाढ सुरू झालीय पण पानं अजून फिकट. उतारावरचं गेलं, कुंडीत लावून बघितलं पण काही उपयोग झाला नाही.

आता दोन प्रश्न. मधल्याला अजून गंधक घालू का? आणि उतारावरच्या जागेत नवीन रोप लावावं का, वाफा उंच करून?

टायट्रेशन
६.१ ठीक चाललंय. थंडीत जंतू थांबले असणार, आता ऊब आलीय, दुसरा ५० ग्रॅमचा हप्ता द्या आणि पुढच्या मोसमापर्यंत परत मोजू नका, दर आठवड्याला मोजून पीएच उतरत नाही. जुनी पानं हिरवी होतील ही वाट बघू नका, नव्या पानांवरूनच ठरवायचं.

कुंडीकर
मधल्याच्या फुलकळ्या पण काढून टाका यंदा. शेंड्याकडचे टपोरे गोल डोळे फुलांचे, खालचे बारीक टोकदार पानांचे. टपोऱ्यांच्या खाली छाटलं की काम झालं.

गंधकराव
उतारावर ब्लूबेरी नको, वाफा उंच केला तरी नको, फायटोप्थोरा मातीत वर्षानुवर्षं राहतो. अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन पण नको, त्यांनाही तोच धरतो. तिथे गवत वाढू दे नाहीतर पाण्यात पाय बुडवून उभं राहणारं काहीतरी लावा, आणि पागोळ्यांचं पाणी तिकडे जात असेल तर ते पिंपात वळवा, मधल्याला आणि कुंडीला तेच लागणार आहे.

रानजाई
पागोळ्यांचं पाणी तिकडेच जातंय! उद्याच पाईप लावते.

खुरपं
पिंपाला झाकण लावा. डास.